एकाकी परिव्राजक : स्वामी विवेकानंदांचे भारतभ्रमण

आपल्याकडे तीर्थयात्रा बहुधा संगतीने केली जाते. पंढरीची वारी असो, काशीयात्रा असो वा चारधाम, बरोबर घरची माणसे असतात, शिधा असतो, उतरण्याची जागाही पुष्कळदा आधीच ठरलेली असते. संन्याशाची यात्रा मात्र शास्त्राने निराळी सांगितली आहे. त्याने एकट्याने फिरावे, चातुर्मास वगळता एका ठिकाणी फार काळ राहू नये, द्रव्यसंचय करू नये आणि भिक्षेत जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा परिव्राजकाचा धर्म आहे. या वाटेने गेलेल्या असंख्य सत्पुरुषांपैकी स्वामी विवेकानंद यांचे चरित्र येथे देत आहोत. स्वामीजी म्हटले की शिकागोची सर्वधर्मपरिषद आठवते. परंतु त्या व्यासपीठावर जे उभे राहिले ते विवेकानंद घडले कोठे, हे पाहावयाचे असेल तर त्यापूर्वीच्या वर्षांकडे वळावे लागते. त्या काळात त्यांना कोणी ओळखत नव्हते, आणि आपल्याला कोणी ओळखू नये अशी त्यांचीही इच्छा होती.

नरेंद्रनाथ दत्त यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, कोलकाता येथे झाला. मातोश्री भुवनेश्वरीदेवी यांनी पुत्रप्राप्तीसाठी काशीच्या वीरेश्वर महादेवाला साकडे घातले होते. वडील विश्वनाथ दत्त उच्च न्यायालयात अ‍ॅटर्नी होते. घरी सुबत्ता होती. फेब्रुवारी १८८४ मध्ये वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि पदवीधर झालेल्या या मुलावर नोकरीसाठी अनवाणी फिरण्याची पाळी आली. भाऊबंदांनी राहत्या घरावरून दावा मांडला. याच काळात दक्षिणेश्वरच्या श्रीरामकृष्ण परमहंसांच्या चरणी त्यांची निष्ठा दृढ झाली.

श्रीरामकृष्णांच्या अखेरच्या आजारातील एक प्रसंग येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व प्रवासाचे बीज त्यात आहे. दिवसेंदिवस निर्विकल्प समाधीत मग्न राहावे, देहरक्षणापुरते खाली यावे आणि पुन्हा समाधीत जावे, अशी आपली इच्छा नरेंद्रांनी गुरूंपुढे मांडली. गुरूंनी संतोष व्यक्त करण्याऐवजी त्यांची कानउघाडणी केली. ज्याच्या सावलीला हजारो लोकांनी विसावावे असा वटवृक्ष तू होशील अशी आपली अपेक्षा होती आणि तू तर केवळ स्वतःच्या मुक्तीचे पाहतोस, असा त्या बोलण्याचा आशय होता. १६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. गुरूंचे हे बोलणे शिष्याला त्या वेळी पूर्णतः पटले होते, असे दिसत नाही. पुढे कित्येक वर्षे ते हिमालयातील गुहेचाच ध्यास घेऊन होते.

हिमालयाने परत पाठविले

वराहनगरच्या जुनाट घरात गुरुबंधूंचा मठ सुरू झाला. तेथे अन्नाचीही भ्रांत होती. १८८८ साली नरेंद्रनाथ काशी, अयोध्या, लखनौ, आग्रा असे करीत वृंदावनाकडे निघाले. वृंदावनाच्या वाटेवर एक मनुष्य चिलीम ओढीत बसलेला त्यांना दिसला. त्यांनी चिलीम मागितली. आपण मेहतर आहोत, असे त्या मनुष्याने संकोचून सांगितले. नरेंद्रनाथ पुढे चालू लागले. काही अंतर गेल्यावर त्यांच्या मनात आले की, जातीकुळाचा त्याग करून आपण संन्यास घेतला आणि जन्माचा अभिमान तर तसाच राहिला! ते माघारी फिरले, त्या मनुष्यापाशी बसले आणि त्याच्याच हातची चिलीम त्यांनी ओढली. मठात गुरुबंधूंसमवेत राहताना हा अभिमान आपल्यात शिल्लक आहे हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. वाटेवर त्यांची परीक्षा घेण्यास गुरू नव्हते आणि कौतुक करण्यासही कोणी नव्हते. म्हणूनच आम्हांस हा प्रसंग मोलाचा वाटतो.

जानेवारी १८९० मध्ये ते गाझीपूरला गेले. तेथील पवहारी बाबा हे थोर योगी एका भुयारात राहत असत. त्यांच्याकडून योगदीक्षा घेऊन समाधीचा मार्ग साधावा असे स्वामीजींच्या मनाने घेतले. मात्र दीक्षेचा संकल्प केला की रात्री श्रीरामकृष्णांची मूर्ती समोर येऊन मूकपणे पाहत राही. असे अनेक रात्री घडल्यावर त्यांनी तो विचार सोडला.

जुलै १८९० मध्ये त्यांनी श्रीसारदामातांचा आशीर्वाद घेतला आणि स्वामी अखंडानंदांसह हिमालयाची वाट धरली. नैनितालहून पायी अल्मोड्याकडे जाताना गावाजवळ एका कबरस्तानापाशी भुकेने त्यांची शक्ती संपली व ते जमिनीवर आडवे झाले. तेथील मुसलमान फकिराजवळ एक काकडी होती. ती त्याने त्यांना दिली आणि त्यांना हुशारी आली. अल्मोड्यास पोहोचल्यावर घरून तार आली. त्यांच्या एका बहिणीने आत्महत्या केली होती. संन्याशाने पूर्वाश्रमाचा शोक करू नये असे सांगतात. परंतु हा घाव स्वामीजींच्या अंतःकरणात फार खोल गेला. भारतीय स्त्रियांच्या दुःखाविषयी ते पुढे इतक्या कळकळीने बोलत राहिले, त्यामागे हा घाव होता असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

त्यांना श्रीबदरीकाश्रमास जावयाचे होते. परंतु कर्णप्रयागापुढे दुष्काळामुळे वाट बंद करण्यात आली होती. पुढे अखंडानंद आजारी पडले, त्यामुळे डोंगर उतरावा लागला. हृषीकेशला झोपडी बांधून तपास बसावे म्हटले, तर स्वामीजींनाच असा ज्वर आला की नाडी लागेना. एका साधूने मध आणि पिंपळीचे चूर्ण जिभेवर घातले तेव्हा ते शुद्धीवर आले. एकांतासाठी पर्वतात गेलेल्या या महापुरुषाला पर्वताने जणू हात धरून परत पाठविले. या यात्रेत बदरी-केदारचे दर्शन त्यांना घडले नाही, हे पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते.

संगत सुटली

मीरतला (मेरठ) काही महिने गुरुबंधू एकत्र होते. वाचन, भजन, स्वयंपाक सारे मिळून चाले. मठच तेथे भरला होता म्हणा ना. जानेवारी १८९१ च्या अखेरीस स्वामीजींनी सांगितले की यापुढे आपण एकटे जाणार आणि कोणी मागे येऊ नये. दिल्लीत गुरुबंधू पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी हीच विनंती अधिक निश्चयाने केली. हे गुरुबंधू म्हणजे त्यांचे कुटुंबच होते. त्यांचे प्रेम हाही एक पाश आहे आणि तो सोडल्याशिवाय आपले कार्य आपल्याला कळणार नाही, असे त्यांना वाटत होते. अखंडानंदांना मात्र हे मानवले नाही. ते गावोगाव चौकशी करीत मागावर राहिले आणि थेट कच्छमधील मांडवी येथे त्यांनी स्वामीजींना गाठले! तेथूनही स्वामीजी लवकरच एकटे निघाले.

येथून सुमारे सव्वादोन वर्षे ते एकाकी फिरले. नावही एक ठेवले नाही. कोठे विविदिषानंद, कोठे सच्चिदानंद. दंड, कमंडलू, एकदोन वस्त्रे व थोडी पुस्तके एवढेच बरोबर होते. पैशाला स्पर्श करावयाचा नाही, कोणी पुढच्या स्थानकाचे तिकीट काढून दिले तर आगगाडीने जावयाचे, नाहीतर पायी, असा त्यांचा नेम होता.

अलवार, जयपूर, अजमेर अशी राजपुतान्यातील गावे झाली. जयपूरला त्यांनी एका वैयाकरणाकडे पाणिनीची अष्टाध्यायी शिकण्यास आरंभ केला. पहिले सूत्रच तीन दिवस उलगडेना. तेव्हा दार लावून ते स्वतःच बसले आणि काही तासांत अर्थ लावूनच उठले. अबूच्या पहाडावर ते एका गुहेत राहत असताना एका मुसलमान वकिलांनी त्यांना आपल्या बंगल्यावर नेले. तेथेच जून १८९१ मध्ये खेतडीचे राजे अजितसिंह यांची भेट झाली व ते त्यांचे शिष्य झाले. खेतडीच्या दरबारात पंडित नारायणदास यांच्याकडे स्वामीजींनी पतंजलीच्या महाभाष्याचे अध्ययन केले. राजाचे गुरू होऊन पंडिताचे विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

खेतडीशी जोडलेली आणखी एक कथा चरित्रकार सांगतात. एका सायंकाळी राजाच्या सभेत एका नर्तकीचे गाणे होते. संन्याशाने तेथे बसू नये म्हणून स्वामीजी उठून गेले. त्या स्त्रीच्या जिवाला ते लागले आणि तिने सूरदासांचे एक भजन आळविले. परमेश्वर समदर्शी आहे, तो कोणाचे अवगुण मनात आणीत नाही, हा त्या पदाचा भाव. स्वर कानी पडताच स्वामीजी परत आले. जिला आपण टाळले तिनेच आपल्याला अद्वैत शिकविले, हे त्यांनी मान्य केले.

स्वामीजी राजेरजवाड्यांकडे व दिवाणांकडे का उतरत, असा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे. एका राजाचे मन वळले तर त्याच्या सहस्रावधी प्रजेचे हित होईल, अशी त्यामागे त्यांची दृष्टी होती. ती काही अंशी भाबडी ठरली, असे आज म्हणता येईल. परंतु त्याच राजपुतान्यात एका रेल्वे स्थानकावर तीन दिवस लोक प्रश्न विचारीत बसले आणि जेवलात का, हे कोणी विचारले नाही. रात्री एका चांभाराने भीतभीत शिधा पुढे केला आणि अखेर त्याच्याच हातच्या पोळ्या स्वामीजींनी खाल्ल्या, हेही सांगितले जाते. एकट्या वाटसरूला राजवाडा आणि चांभाराची पथारी यांतील अंतर फार लवकर समजते.

सौराष्ट्रात जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांचा स्नेह लाभला. गिरनार, प्रभासक्षेत्र व सोमनाथ, द्वारका ही तीर्थे झाली. पोरबंदरला शंकर पांडुरंग पंडित हे संस्थानचे प्रशासक होते. हे सावंतवाडीकडील मराठी गृहस्थ, वेदार्थयत्नाचे कर्ते व मोठे वेदपंडित. ते त्या वेळी अथर्ववेदाच्या संपादनात गढले होते. त्या कामी स्वामीजींनी साहाय्य केले, उरलेले महाभाष्य वाचले आणि पंडितजींच्या सांगण्यावरून फ्रेंच भाषाही शिकावयास घेतली. आपले विचार पाश्चात्त्य देशांत मांडावेत, ही सूचना पंडितजींनी त्यांना केली होती.

महाराष्ट्र व गोमंतक

१८९२ च्या उन्हाळ्यात स्वामीजी महाबळेश्वरी होते. जुलैच्या अखेरीस ते मुंबईस आले आणि बॅरिस्टर रामदास छबिलदास यांच्याकडे सुमारे दोन महिने राहिले. पुढील प्रसंग मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. मुंबईहून पुण्यास निघालेल्या गाडीच्या ज्या डब्यात स्वामीजी चढले, त्यातच लोकमान्य बाळ गंगाधर टिळक होते. स्वामीजींना पोहोचविण्यास आलेल्या गुजराती मंडळींनी टिळकांशी ओळख करून दिली व पुण्यात यांना आपल्याकडे ठेवून घ्यावे, अशी विनंती केली. त्याप्रमाणे विंचूरकर वाड्यात टिळकांच्या बिऱ्हाडी ते आठदहा दिवस राहिले. नाव विचारले असता आपण एक संन्यासी आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. जवळ मृगाजिन, एकदोन वस्त्रे आणि कमंडलू होता. पैसा काहीही नव्हता. गीता व वेदान्त यांवर दोघांचे बोलणे होई. महाराष्ट्रातील स्त्रियांत पडदा नाही, तेव्हा येथील स्त्रियांपैकी काही जणी धर्मकार्याला जीवन वाहतील, अशी आशा त्यांनी टिळकांपाशी व्यक्त केली होती.

टिळक त्यांना हिराबागेतील डेक्कन क्लबच्या एका सभेस घेऊन गेले. तेथील व्याख्यानानंतर स्वामीजी उठले आणि विषयाची दुसरी बाजू त्यांनी अस्खलित इंग्रजीत मांडली. सभा थक्क झाली. त्यानंतर लवकरच त्यांनी पुणे सोडले. पुढे शिकागोची वार्ता आल्यावर टिळकांना शंका आली की आपल्याकडे राहून गेलेले ते हेच असावेत. त्यांनी पत्र लिहून खात्री करून घेतली. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी राहूनही स्वतःचे नाव मागे न ठेवणे, हे एकाकी यात्रेने अंगी बाणविलेले वैराग्य होय.

कोल्हापूरला राणीसाहेबांकडून त्यांनी एक भगवे वस्त्र तेवढे स्वीकारले. ऑक्टोबरमध्ये ते बेळगावी भाटे वकिलांकडे उतरले. जेवणानंतर हे संन्यासी पान-तंबाखू मागतात, हे पाहून घरची मंडळी चकित झाली. त्यावर स्वामीजींनी संकोच न करता सांगितले की आपण कोलकात्यातील चारचौघांसारखे पदवीधर होतो, मोठ्या गोष्टी सुटल्या, या लहान राहिल्या आहेत. पुढे वनखात्यातील बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांनी आपल्या घरी येण्याचा आग्रह धरला. परंतु स्वप्रांतीय भेटताच लगोलग निघालो तर या मराठी यजमानांना वाईट वाटेल, असा विचार करून ते लगेच गेले नाहीत. मित्र हे साधूंविषयी साशंक असणारे गृहस्थ. नऊएक दिवसांच्या सहवासानंतर त्यांनी सपत्नीक दीक्षा घेतली.

बेळगावहून स्वामीजी गोमंतकात गेले. मडगावी सुब्राय नायक यांनी त्यांचे आतिथ्य केले. तेथे जवळच राशोल येथे ख्रिस्ती धर्मगुरूंचे जुने विद्यालय आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे लॅटिन ग्रंथ पाहण्यासाठी ते तेथे जाऊन राहिले. ज्या भूमीत दोन धर्मांचा इतिहास इतका कटू झाला, तेथे एक हिंदू संन्यासी विद्यार्थी म्हणून जातो आणि पाद्री त्याला आपले ग्रंथ दाखवितात, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे.

कन्याकुमारी

म्हैसूरच्या महाराजांनी मोठमोठ्या भेटी पुढे केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी नोटांचे पुडके देऊ केले, तेही घेतले नाही. पुढील प्रवासाचे तिकीट मात्र घेतले. त्रिवेंद्रमवरून डिसेंबर १८९२ च्या अखेरीस ते कन्याकुमारीला पोहोचले. देवीचे दर्शन घेऊन ते समुद्रकिनारी आले. समोर पाण्यात खडक होता. देवीच्या तपश्चर्येचे स्थान व तिचे पदचिन्ह म्हणून तो पूज्य मानला जातो. होडीवाल्याला देण्यास पैसे नव्हते. त्यांनी समुद्रात उडी घेतली व पोहत जाऊन खडक गाठला. २५, २६ व २७ डिसेंबर असे तीन दिवस त्यांनी तेथे चिंतनात घालविले, असे मानले जाते.

त्या चिंतनाचा विषय काय होता, हे त्यांनी पुढे १८९४ साली एका गुरुबंधूस लिहिलेल्या पत्रावरून कळते. ज्या संन्याशाने एके काळी अखंड समाधी मागितली होती तो भारताच्या अखेरच्या शिलेवर बसून भुकेल्या लोकांचा विचार करीत होता. गावोगाव फिरणाऱ्या निःस्वार्थी संन्याशांनी तत्त्वज्ञानाबरोबर शिक्षणही गरिबांच्या दारी न्यावे, आणि त्यासाठी लागणारे द्रव्य आपण पाश्चात्त्य देशांतून मिळवावे, अशी योजना तेथे त्यांच्या मनात आकाराला आली. ही योजना पुस्तक वाचून सुचली नव्हती. ज्यांच्या घरची भाकरी खाल्ली होती त्यांचे चेहरे त्यामागे होते.

याच शिलेवर आज विवेकानंद स्मारक उभे आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले श्री. एकनाथजी रानडे यांनी त्यासाठी अपार परिश्रम घेतले. शासनांचे साहाय्य होतेच. परंतु सामान्य माणसाने दिलेल्या एकेक रुपयाचाही त्यांनी आग्रह धरला. सप्टेंबर १९७० मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले. ज्याला होडीचे भाडे देता आले नाही त्याच्यासाठी लक्षावधी लोकांनी रुपया रुपया दिला!

मद्रासला अळसिंग पेरुमाळ आदी तरुणांनी दारोदार फिरून परदेशगमनासाठी वर्गणी जमविली; त्यात मध्यमवर्गीयांचा वाटा मोठा होता. पहिली जमलेली रक्कम स्वामीजींनी गरिबांत वाटून टाकावयास सांगितली, कारण जगदंबेची आज्ञा अजून स्पष्ट झाली नाही असे त्यांना वाटत होते. श्रीसारदामातांचे अनुमतीचे पत्र आल्यावर त्यांचा निश्चय झाला. मग ते खेतडीला जाऊन आले. विवेकानंद हे नाव तेथपासून कायम झाले.

मे १८९३ मध्ये मुंबईस परतताना अबू रोड स्थानकावर स्वामी ब्रह्मानंद व स्वामी तुरीयानंद हे गुरुबंधू भेटले. दोन वर्षांपूर्वी ज्यांना मागे येऊ नका म्हणून सांगितले होते त्यांतलेच हे. स्वामीजींनी तुरीयानंदांना सांगितले की, लोक ज्याला धर्म म्हणतात तो आपल्याला अजूनही उमगलेला नाही, परंतु आपले हृदय फार विशाल झाले आहे आणि दुसऱ्याचे दुःख आपल्याला जाणवू लागले आहे. एवढे बोलून त्यांचा कंठ दाटून आला. तुरीयानंदांनी हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगितला.

३१ मे १८९३ रोजी ‘पेनिन्सुलर’ या जहाजाने स्वामीजी मुंबईहून निघाले. ११ सप्टेंबर रोजी शिकागोला परिषद भरली. पुढील वृत्तांत सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये, म्हणजे मठ सोडल्यापासून साडेसहा वर्षांनी, ते कोलकात्यास परतले. त्याच वर्षी मे महिन्यात अल्मोड्याच्या नागरिकांनी त्यांची मोठी मिरवणूक काढली. गर्दीत एका बाजूला एक वृद्ध फकीर उभा होता. स्वामीजींनी त्याला ओळखले, पुढे होऊन त्याला जवळ आणले आणि यानेच आपले प्राण वाचविले, असे सोबतच्या मंडळींस सांगितले. फकिराला ती काकडीची गोष्ट आठवत नव्हती. स्वामीजींनी त्याच्या हातावर काही रक्कम ठेवली आणि मिरवणूक पुढे निघाली.